परदेशी शिक्षण आणि घरचा देव
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला बोलायला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल मनापासून आभार. आरती झाली आहे, प्रसादाच्या मोदकांचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा फार पाल्हाळ लावणार नाही.

गेली काही वर्षे आपल्या मंडळात गणपतीच्या आधी एखादा तरी निरोप समारंभ असतोच. कुणी जर्मनीला निघते, कुणी कॅनडाला, कुणी ऑस्ट्रेलियाला. यंदा आपल्यातलीच तीन मुले निघाली. त्यातल्या एकाची आई मला म्हणाली, "ताई, बॅगेत छोटा गणपती ठेवला आहे. पण तिथे गेल्यावर तो बाहेर काढील का हो?" आणि साधारण त्याच सुमारास परदेशात शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती म्हणाली, "मॅडम, रूमवर गणपती बसवला, आम्ही चौघी जमलो, आरतीही केली. पण म्हणताना मनात सारखे येत होते, माझा खरेच विश्वास आहे, की आईला फोटो पाठवायचा म्हणून हे चालले आहे?"

हे दोन प्रश्न एकाच घरातले नाहीत, पण मला ते एकमेकांशी बोलणारे वाटले. आईला भीती आहे की मूल देव विसरेल. मुलीला भीती आहे की देव आठवताना ती खोटेपणा करते आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे एखादा प्रश्न अडला की मागे वळून पाहायची सवय आहे. म्हणून आज तुम्हांला मागे नेणार आहे.

आधी आपल्या झाशीचेच बोलू. आपण इथली मराठी माणसे म्हणजे तरी कोण? गेलेल्यांचीच मुले-नातवंडे. कुणाचे पूर्वज अठराव्या शतकात मराठा सुभेदारांबरोबर आले, कुणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत आले, कुणी भेलच्या कारखान्यात आले. कोकणातल्या माणसाला त्या काळी हा मुलूख परदेशच होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले, ते बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते इथेच, झाशीत होते. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापून आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते आहे. हा माणूस लुटला गेला, उपाशी राहिला, पण परत जाताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घेऊन गेला. दूर गेलेल्या माणसाने घरी काय न्यायचे, याचे एक उत्तर त्या कावडीत आहे.

आपणही इथे काही जपले, काही बदलले. देव तेच राहिले, पण उकडीच्या मोदकाशेजारी खव्याचा मोदक आला. आरती मराठीच राहिली, पण आरतीनंतरच्या गप्पा निम्म्या हिंदीत होतात. कुणी आपल्याला धर्म बुडाला असे म्हटले नाही. कारण आपण जमिनीवरून आलो होतो. समुद्र ओलांडणाऱ्यांचे मात्र तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात समुद्रपर्यटन म्हणजे पातक. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या, नाही तर पंगतीतून उठा.

अशा काळात १८८३ या एकाच वर्षी दोन मराठी स्त्रिया शिकायला परदेशी गेल्या. एक डॉक्टर आनंदीबाई जोशी, दुसऱ्या पंडिता रमाबाई. दोघींची नावे आपण शाळेत वाचली आहेत. आनंदीबाईंवर श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, २०१९ साली चित्रपटही आला. पण त्या दोघींना धर्माच्या बाबतीत काय सोसावे लागले, हे एकत्र ठेवून आपण क्वचितच पाहतो.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, वयाने बरेच मोठे, बिजवर, आणि बायकोला शिकवायचेच या एका ध्यासाने झपाटलेले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचे हे त्या मुलीच्या मनाने तिथे घेतले. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, हे तिने पाहिले होते.

गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले: मला बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत करा. उत्तराचा मथितार्थ असा होता की आधी ख्रिस्ती व्हा. हा पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. आणि इथे दैवाने गंमत केली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत त्यांनी तिथे पडलेला अंक चाळला. ते पत्र वाचून त्यांना वाटले, या मुलीला मदत केली पाहिजे. त्याही श्रद्धावान ख्रिस्ती. पण त्यांनी कसलीही अट घातली नाही. नुसते पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

श्रोतेहो, हे दोन ख्रिस्ती ध्यानात ठेवा. एकाने मदतीला श्रद्धेची अट घातली, दुसरीने घातली नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचे सूत्र इथेच आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळ सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठराव्या वर्षाला टेकलेल्या आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. लोक जे जे प्रश्न विचारत होते ते स्वतःच एकेक करून मांडले आणि उत्तरे दिली. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी सांगितले की मी खाणेपिणे, पेहराव, रीतभात काहीच बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. ७ एप्रिलला 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने त्या निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना मुलीसारखे वागवले. पण थंडी कुणाला चुकते? खोलीतली शेगडी धुरकटायची. शाकाहारी जेवण स्वतः रांधायचे. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. पुढे त्यांना क्षय झाला. त्या शब्दापायी त्यांचा जीव गेला असे मी म्हणणार नाही. क्षयाचा जंतू १८८२ साली नुकता सापडला होता आणि त्यावरचे औषध यायला आणखी साठ वर्षे लागली. मांस खाणारी, लोकर पांघरणारी हजारो माणसेही त्या रोगाने गेली. पण एवढे खरे की शिकणे, आजारी पडणे आणि आपण बदललो नाही हे सतत सिद्ध करणे, ही तिन्ही ओझी एका कोवळ्या मुलीच्या खांद्यावर होती. आज परदेशात एकटी राहणारी आपली मुले यातली दोन ओझी वाहतातच. तिसरे आपण द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

आता दुसरी कहाणी. रमाबाई डोंगरे. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थातीर्थांतून फिरायचे. दुष्काळ आला. असलेला पैसा देवाला आणि ब्राह्मणांना दानात देऊन झाला होता. उपासतापास, अनुष्ठाने, सगळे झाले. एकामागून एक वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मोठा मान झाला. पण आत काय चालले होते? धर्मशास्त्रे वाचता वाचता त्यांना दिसले की ग्रंथ एकमेकांशी कितीही भांडोत, एका गोष्टीत त्यांचे एकमत आहे: स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाची वाट स्वतःच्या पायाने चालता येत नाही.

म्हणजे बघा, 'परदेशात गेले आणि श्रद्धा गेली' असे जे आपण सरसकट म्हणतो, ते रमाबाईंच्या बाबतीत मुळीच खरे नाही. त्यांची श्रद्धा बोटीत चढण्यापूर्वीच, इथल्या दुष्काळात आणि इथल्याच पोथ्यांत हलली होती. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या शिक्षकी अनुभवातही हेच आले. मुलाच्या मनातला प्रश्न विमानतळावर जन्मत नाही. तो दहावी-बारावीत, आपल्याच घरात, आपल्याच देवघरासमोर जन्मलेला असतो. तिकडे गेल्यावर तो बोलायला फक्त एकांत मिळतो.

भाऊ गेला. रमाबाईंनी बंगालमधल्या बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. ते १८८२ साली गेले. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या पैशाच्या आधारावर १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींनी त्यांना ठेवून घेतले. बरोबर आनंदीबाई भगत नावाची सखी होती. परक्या देशात तिचे मन विस्कटले आणि तिने स्वतःचे जीवन संपवले. त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला. लोक म्हणाले, भुलवली, विकत घेतली. पुढची दोन वर्षे काय झाले हे मात्र त्या गदारोळात कुणी पाहिले नाही. लंडनमधल्या फुलहॅम इथे मठाच्या भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा देत. हे पाहून रमाबाई हलल्या होत्या. आपल्याकडे अशा स्त्रीला दारात उभे करत नाहीत, इथे हिला जवळ घेतात, हे कुठून आले, हा त्यांचा प्रश्न होता. पण श्रद्धा बसली म्हणून त्यांनी डोके गहाण टाकले नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकी मागे पडली होती. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील आणि मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. देव एक की तीन? ज्या मतावर माझी बुद्धी बसत नाही ते मी प्रार्थनेत का म्हणावे? क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? लॅटिन जितके तुमचे पवित्र, तितकी माझी देववाणी मला. अंडे घातलेला पदार्थ खायचा नाही म्हणून त्यांना जातीचा गर्व आहे असा ठपका आला, तरी त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी नाही म्हटले, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी बजावले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायला आलेले नाही.

ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत छापली. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्या मुलांनी ती जरूर वाचावीत. त्यात एक गोष्ट दिसते. या भगिनींचे रमाबाईंवर प्रेम होते. त्यांनी राहायला जागा दिली, मुलीला सांभाळले. म्हणूनच त्यांना वाटे की हिने आमचे ऐकावे. वाद घालणारी मुलगी त्यांना कृतघ्न वाटू लागली. उपकाराच्या पोटात अपेक्षा असली की असे होते. बीलबाई मात्र निराळ्या. त्या रागावल्या नाहीत, लांब लांब उत्तरे लिहीत राहिल्या. शिक्षक म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

आणि आता मार्च १८८६. या दोघी भेटल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाचे बोलावणे आले म्हणून रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. हिंदू प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समोर रमाबाई बसल्या होत्या. एक, हिंदू राहीन असा शब्द देऊन आलेली आणि तो पाळलेली. दुसरी, ख्रिस्ती झालेली आणि ख्रिस्ती धर्मगुरूंशीही भांडणारी. दोघींना आपापल्या बाजूचे लोक 'आमची' म्हणत होते आणि 'त्यांची' म्हणून हिणवतही होते. त्यांनी मात्र एकमेकींना हिणवले नाही. पुढच्या वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याला प्रस्तावना आनंदीबाईंच्या त्याच बॉडलीबाईंनी लिहिली. पण तोवर आनंदीबाई राहिल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, काम सुरू करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. शेवटपर्यंत हिंदू राहिलेल्या मुलीच्या अस्थींना एका ख्रिस्ती मावशीने आपल्या घरच्या माणसांत जागा दिली, आणि तिचे नाव पालटले नाही.

रमाबाई परत आल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. तारीख पाहा, आनंदीबाईंच्या पदवीच्या बरोबर तीन वर्षांनी. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे ११ मार्च १८९३ ला तिच्याशीच धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि त्या घराने हिंगण्याला काय उभे केले ते तुम्ही जाणताच.

शारदा सदन पुण्याला हलले आणि वाद पेटला. संस्थेत धर्माची सक्ती नाही असे ठरले होते. रमाबाई म्हणत, मी माझ्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करते, मुली आल्या तर हाकलू का? पालक आणि 'केसरी' म्हणत, पोरी अजाण आहेत, तुमच्या अन्नावर आहेत, त्यांचे येणे खुशीचे कसे मानायचे? १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाहेर पडली, कित्येक मुली काढून नेल्या. मला विचाराल तर दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात वजन होते. जो आपल्या ताटात जेवतो, त्याची श्रद्धा ही फार नाजूक गोष्ट असते. त्याने मान डोलावली तर ती पटून की पोटासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. रमाबाईंनी वाँटेजला हे दुसऱ्या बाजूने भोगले होते. पुढे केडगावला त्यांनी दुष्काळातल्या, मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी मुक्ती सदन उभारले, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली त्या गेल्या.

त्याच दशकातली एक गंमतही सांगते. समुद्र न ओलांडताही धर्म कसा बुडे पाहा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला. हा बेत होता आनंदीबाईंच्या पतीचा, गोपाळरावांचा. त्यांनी नंतर नावे जाहीर केली आणि रानडे, टिळक यांच्यावर ग्रामण्य आले! एका कपापायी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि त्याच टिळकांनी तीनेक वर्षांत गणपतीला घरातून चौकात आणले, म्हणून आज आपण सगळे, जातपात न विचारता, इथे एकत्र बसलो आहोत. धर्म बदलत असतो, बंधूंनो. फक्त आपल्या डोळ्यांदेखत बदलतो तेव्हा आपल्याला तो बुडाल्यासारखा वाटतो.

आणखी एकच नाव घेते. विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा, मुंबईच्या प्रार्थना समाजाशी जोडलेला. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. शिष्यवृत्ती युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींची. तुम्ही ख्रिस्ती व्हा, अशी तिला अट नव्हती. शिंदे सगळ्या जगाचे धर्म वाचून परत आले आणि १९०६ साली अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. वारीतल्या समतेचा अर्थ त्यांनी कामातून दाखवला. गोडसे भटजींनी गंगेची कावड आणली, शिंद्यांनी ही आणली.

तर मंडळी, या सगळ्यातून आपण काय घ्यायचे?

पहिले, निघणाऱ्या मुलाकडून शपथ मागू नका. आनंदीबाईंनी शब्द दिला तो भर सभेत, स्वतःहून, समाज दारे बंद करील या धाकाच्या काळात. आज तो धाक नाही. मग विमानतळावर डोळ्यांत पाणी आणून "रोज पूजा करशील ना?" असे विचारून आपण काय मिळवतो? मूल हो म्हणते. आणि मग फोटो पाठवायला आरती करते.

दुसरे, फीचे आणि श्रद्धेचे खाते वेगळे ठेवा. आपण कर्ज काढतो, प्लॉट विकतो, पोरांना पाठवतो. उपकार मोठेच आहेत. पण वाइल्डर साहेबांसारखी अट आपल्या तोंडी येता कामा नये. "एवढे केले तुझ्यासाठी, आणि तू साधे एकादशीला विचारत नाहीस," हे वाक्य मी आपल्या घरांतून ऐकले आहे. ज्या श्रद्धेची किंमत वसूल केली जाते, ती श्रद्धा उरत नाही, हप्ता होतो.

तिसरे, प्रश्न विचारला तर बीलबाईंसारखे उत्तर द्या. लांब द्या, शांतपणे द्या, येत नसेल तर येत नाही म्हणा. "तिकडे जाऊन शेफारलास" हे उत्तर नव्हे. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी सांगितले, "बाळ, शंका येते म्हणजे तू आरतीकडे लक्ष देते आहेस. चारचौघी जमून आपल्या भाषेत काही म्हणालात, एकमेकींना धीर आला, हे खोटे नाही. विश्वासाचे काय ते हळूहळू ठरव, त्याला परीक्षेची तारीख नसते. आणि आईशी एकदा बोल. फोटो नको पाठवूस, प्रश्न पाठव." तिने आईला काय लिहिले ते मी विचारलेले नाही. तो त्या दोघींचा मामला आहे.

आणि मुलांनो, तुम्हांलाही दोन शब्द. तिकडे कुणी मायेने जवळ करील. ती माया घ्या, पण मायेच्या मोबदल्यात आपले मत देऊ नका. ना त्यांना, ना आम्हांला. रमाबाईंचा निर्णय तुम्हांला पटो वा न पटो, आनंदीबाईंचा पटो वा न पटो, दोघींनी तो स्वतः केला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. आणि दोघींच्याही डोळ्यांपुढे शेवटी इथलीच स्त्री होती, रोगाने मरणारी, विधवा म्हणून कोपऱ्यात बसवलेली. श्रद्धा खरी की खोटी हे पारखायला याहून चांगला दगड मला तरी माहीत नाही. तिने तुम्हांला कुणाच्या उपयोगी पाडले का, एवढे स्वतःला विचारा.

घरच्यांना एकच विनंती. मुलगा नास्तिक होऊन आला तरी दर्शनाच्या रांगेत त्याला ओढू नका, आणि पंगतीत त्याचे पान मांडायला विसरू नका. आपल्या मांडवाला भिंती नाहीत, नुसते खांब आहेत. ज्याला जेव्हा यायचे असेल तेव्हा त्याने यावे.

यंदा गेलेल्या आपल्या तिन्ही लेकरांना आणि जगभर शिकणाऱ्या सगळ्या मुलांना गणराय सद्बुद्धी आणि उत्तम आरोग्य देवो, ही प्रार्थना करून मी रजा घेते.

गणपती बाप्पा मोरया!